झाकून ठेवलेली लॅब

देवणीच्या अलीकडं आमचं गाव. तिथं माझा उगीचच एक दबदबा आहे. मी नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका विद्यापीठात पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकवते, एवढंच लोकांना ठाऊक. सुरुवातीला गावातल्या बायका आईला विचारायच्या, "पेट्रोल शिकवती म्हंजी? पंपावर नळी धराय शिकवती व्हय?" आईला त्याचा असा राग यायचा की बस. एकदा तिनं चारचौघींत ठणकावून सांगितलं, "पंप-बिंप काय न्हाई. माझी लेक कम्प्युटरवर जमिनीच्या पोटातलं बघती!"

झालं! तेव्हापासून मी सुट्टीला गेले की कुणीतरी चहाच्या वेळेला हजर. "ताई, वरच्या वावरात बोअर घ्यावं म्हणतोय. तेवढं कम्प्युटरवर बघून सांग की, पाणी कुठं लागंल." अहो काका, तसं नसतं, म्हटलं की काका नाराज. "आमच्यासाठी तेवढं केलं तर काय झिजणार हाय का तुझं?" मग आई मलाच डोळे वटारायची, की एवढं शिकून घरच्या माणसांना उपयोग नाही. मी हसून वेळ मारून न्यायचे. पण आतल्या आत चरफडायचे, कारण जमिनीच्या पोटातलं राहू द्या, त्या कम्प्युटरचं तोंडसुद्धा मी नीट पाहिलेलं नव्हतं.

कम्प्युटर होते. नव्हते असं नाही. आमच्या विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांची स्वतंत्र लॅब होती, आणि ती आणण्यासाठी आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, चपला झिजवल्या होत्या. कुठल्या कुठल्या ऑफिसांच्या पायऱ्या चढले, किती लोकांचं ऐकून घेतलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. "तुमच्या मराठवाड्यात तेल आहे का हो, मग कशाला हवी लॅब?" असं एक साहेब त्यांना तोंडावर बोलला होता. सर नमस्कार करून निघाले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच साहेबाच्या दारात उभे राहिले. शेवटी मोठे मोठे कम्प्युटर आले, रुंद स्क्रीन आले, तेलसाठ्याचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर आलं. ट्रक आला त्या दिवशी सरांनी स्वतः नारळ फोडला, तोही गेटजवळ, पाण्याचा थेंब उडू नये म्हणून. त्यांचे डोळे भरून आले होते.

आणि मग ती लॅब झाकली गेली. स्क्रीनवरचा पातळ कागद तसाच. कीबोर्ड पिशवीत. खुर्च्यांचं प्लास्टिक तसंच, बसलं की चर्रर्र वाजायचं. चपला बाहेर काढायच्या, आत हळू बोलायचं. सॉफ्टवेअर सुरू करायला एक छोटी चावी लागते, पेनड्राइव्हसारखी दिसते, ती सरांच्या कपाटात कुलपात. खंडेनवमीला तेवढं दार सताड उघडायचं. झेंडूचे हार, प्रत्येक डब्याला हळदकुंकू, सरांच्या हातची आरती. पोरं त्या लॅबला गाभारा म्हणायची. "सर, आज गाभाऱ्यात सोडता का?" असं एका वात्रट पोरानं विचारलं, तर सरांनी त्याला वर्षभर नजरेत ठेवलं.

सरांना दोष देणं सोपं आहे, पण मला ते जमत नाही. आमच्या घरी टीव्हीचा रिमोट आजही प्लास्टिकच्या पिशवीत असतो, वर रबरबँड. लग्नात आलेला काचेचा सेट कपाटात बसून म्हातारा झाला. आम्हा लोकांना जी वस्तू मरमर करून मिळते, ती वापरायची असते हे आम्हाला पटतच नाही. ती जपायची असते. "बिघडलं तर परत कोण देणार?" हा सरांचा प्रश्न, आणि माझ्या आईचाही तोच.

माझं मूळ काम वेगळं. मी शिकले ते ड्रिलिंगमध्ये वापरायच्या चिखलाबद्दल. विहीर खणताना आत जो घट्ट द्राव सोडतात त्याला आम्ही चिखलच म्हणतो. त्यातलं मला कुणीही रात्री उठवून विचारावं. पण तेलसाठ्याचं मॉडेल शिकवणारे प्राध्यापक दुसरीकडं निघून गेले आणि तो विषय माझ्या गळ्यात पडला. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही हुशार आहात, घ्याल सांभाळून." घेतला सांभाळून. पुस्तकं वाचली, समीकरणं पाठ झाली, स्लाइड तयार केल्या. स्लाइडवर सॉफ्टवेअरच्या खिडक्यांचे फोटो. "इथं क्लिक केलं की हे उघडतं. मग इथं आकडे भरायचे. मग ही रेघ येते." मी पडद्यावर लाल ठिपका फिरवायचे आणि पोरं वहीत फोटो काढून घ्यावा तसं उतरवून घ्यायची. कुणी कधी विचारलं नाही, मॅडम, तुम्ही क्लिक केलंय का? विचारलं असतं तर मी काय सांगणार होते, कुणास ठाऊक.

वर्गात एक मुलगी होती. लातूरची. गंजगोलाईजवळ तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान, पिढ्यानपिढ्यांचं. अंगानं बारीक, बोलणं तुटक, पण प्रश्न असा विचारायची की समोरच्याची दांडी गुल. नात्यातले लोक अब्बांना म्हणून राहिले होते की पोरीला तेलाच्या विहिरीवर कोण पाठवतं, बी.एड. करा तिला. अब्बांनी सगळ्यांना एकच सांगितलं होतं, तिला नोकरी लागली तर जाईल, नाही लागली तर तुम्ही म्हणता तसं. म्हणजे तिच्यासाठी सगळं त्या एका नोकरीवर टांगलेलं होतं, आणि हे ती मला लपवून नाही, अगदी सरळ सांगायची. "मॅडम, मला बी.एड. नाही करायचं हो. मला विहिरी बघायच्यात."

तिच्या शेवटच्या वर्षी एक तेल कंपनी नोकरीसाठी पोरं निवडायला आमच्याकडं येणार असं कळलं. आमच्याकडं! विभागात दिवाळी. पण त्यांच्या पत्रात एक ओळ होती: मुलांची परीक्षा सॉफ्टवेअरवर, प्रत्यक्ष कम्प्युटरपुढं बसून. एका विहिरीची माहिती देणार. मागच्या काही वर्षांत त्या विहिरीतून खरोखर किती तेल आलं त्याचे ठिपके स्क्रीनवर असणार, आणि आपण केलेल्या मॉडेलची रेघ त्या ठिपक्यांवरून गेली पाहिजे. गेली तर तुम्हाला जमिनीखालचं कळलं. नाही गेली तर घरी जा.

ती मुलगी पत्र वाचून तडक माझ्या केबिनमध्ये आली. "मॅडम, लॅब उघडून घ्या ना. तुम्ही एकदा करून दाखवलं तरी पुरेल, बाकी मी बघते."

एकदा करून दाखवलं तरी पुरेल! माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण रागाचा मला एक फायदा आहे, भीती वाटली की आधी रागच येतो. मी उठले आणि सरांच्या खोलीत जाऊन तावातावानं बोलले. "सर, कंपनी आल्यावर पोरांना काय, आरती म्हणायला लावायची का?" सरांनी आधी कपाटाकडं पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, पोरं बिघडवतील हो." मी म्हटलं, "बिघडवू द्या." त्यांनी कपाट उघडलं, ती चावी रुमालात गुंडाळलेली होती, रुमालासकट माझ्या हातात दिली. "तुमच्या जबाबदारीवर." मी जिंकल्यासारखी बाहेर आले. जिना चढताना स्लाइडवरचं मनात घोकत होते: इथं क्लिक, मग आकडे, मग रेघ.

लॅब उघडली तेव्हा पोरांनी अक्षरशः जल्लोष केला. स्क्रीनवरचे कागद टरटर सोलले. खुर्च्यांचं प्लास्टिक काढून एकानं डोक्यावर घेतलं आणि नवरदेवासारखा फिरला. सगळे माझ्या मागं गोळा झाले. मी मधल्या कम्प्युटरवर बसले, चावी लावली, सॉफ्टवेअर उघडलं.

आणि समोर जे आलं ते माझ्या स्लाइडसारखं नव्हतंच.

माझे फोटो जुन्या आवृत्तीचे होते. यात डावीकडचं उजवीकडं, वरचं खाली, आणि निम्मी चित्रं मी आयुष्यात न पाहिलेली. मी शिकवते ते पहिलं पाऊल, आकड्यांची फाइल आत घ्यायची, तेच सापडेना. इथं दाबलं, तिथं दाबलं. एक खिडकी उघडायची, मी ती बंद करायची, तीच पुन्हा उघडायची. एसी चालू होता तरी पाठीवरून घाम ओघळत होता. मागं इतकी शांतता की मला माझाच माउस ऐकू येत होता. मग एका पोरानं हळूच विचारलं, "मॅडम, फाइलमधी जाऊन बघा ना?" गेले. नव्हतं तिथं. दुसरा कुजबुजला, "न्हाई येत का काय मॅडमला?" आणि कुणीतरी त्याला कोपर मारलं, तेही मला कळलं.

मी म्हटलं, "लायसन अडकलंय वाटतं."

अडकलं-बिडकलं काही नव्हतं, आणि हे त्या खोलीत सगळ्यांना समजलं होतं. धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात ना, मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. पोरं हसली असती तर बरं झालं असतं, मी ओरडले तरी असते. पण ती हसली नाहीत. सगळी खाली बघत होती. माझी पोरं माझी लाज राखत होती, आणि त्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात ती लातूरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आता बसची वेळ झाली सगळ्यांची. उद्या करू." कसली बस! बसला अजून पुष्कळ अवकाश होता. पण सगळ्यांनी तो शब्द झेलला आणि चपला घालून निघून गेले. मी तिथंच बसून राहिले. स्टाफरूममध्ये जाऊन चहा प्यायची हिंमत नव्हती. घरी गेले तर नवऱ्यानं नेहमीसारखं चिडवलं, "काय मास्तरीणबाई, लागलं का तेल?" मी त्याच्यावर अशी खेकसले की तो बिचारा ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच्या बसनं लातूरहून आली आणि लॅबच्या दारात माझी वाट बघत उभी राहिली. आम्ही दोघी आत गेलो. ती कम्प्युटरपुढं बसली, मी शेजारी. काही न ठरवताच तसं झालं. तिनं मदतीची पानं उघडली, वाचायला लागली, एकेक बटण दाबून बघायला लागली. चुकलं की "अरेच्चा!" म्हणायची आणि मागं यायची, बस्स. तिला लाज नव्हतीच. शिकणाऱ्याला नसते. ती लाज माझ्याकडं होती, ढीगभर, म्हणून माझा हात माउसकडं जायचा आणि मागं यायचा. दुपारपर्यंत तिनं फाइल आत घेतली, विहीर दाखवली, मॉडेल चालवलं. रेघ आली. पण रेघ कुठं आणि ठिपके कुठं! रेघ सरळ आभाळात.

आता मात्र मी पुढं सरसावले. हे माझं क्षेत्र, समीकरणं मला येतात! मी म्हटलं, खडकाची पाझरण्याची क्षमता चुकली असणार, कमी कर. तिनं केली. रेघ हलेना. मी म्हटलं, पाण्याचा थर वर असेल. तिनं बदलला. तरी नाही. मी म्हटलं, मग हे सॉफ्टवेअरच भंगार आहे, दाखवायपुरतं घेतलंय यांनी. बराच वेळ मी त्या कम्प्युटरला शिव्या घालत होते.

ती आकड्यांकडं बघत बसली होती. मग म्हणाली, "मॅडम, दाबाचे आकडे पीएसआयमध्ये आहेत का? आणि यानं ते बार समजून घेतलेत."

एकक! दाब मोजायचं एकक चुकलं होतं. अहो, वर्गात माझ्या तोंडी दुसरं वाक्य नसतं. "एकक बघा, एकक बघा," पोरं माझी नक्कल करतात त्यावरून. आणि ते समोर असताना मी खडकाला आणि पाण्याला आणि सॉफ्टवेअरला दोष देत बसले. तिनं एकक बदललं, पुन्हा चालवलं, आणि ती रेघ खाली आली आणि ठिपक्यांच्या अंगावरून हळूहळू सरकत गेली. ती टाळ्या वाजवून हसली. "तुम्हीच सांगता ना मॅडम, एकक बघा!" ती कौतुकानं म्हणाली. कौतुकानं! मी हसल्यासारखं केलं.

त्यानंतर तिनं बाकीच्या पोरांना बोलावून शिकवलं. एकेकाच्या खुर्चीमागं उभी राहून, न रागावता. मी लॅबमध्ये असायचे, शिस्त ठेवायचे, पाणी पिऊन या म्हणायचे. कुणी विचारलं तर "हिला विचार" म्हणायचे. पोरं तिला विचारायची आणि मग "हो ना मॅडम?" म्हणून माझ्याकडं बघायची. मी मान हलवायचे.

कंपनीची माणसं आली. तिची रेघ सगळ्यांत सुरेख जुळली. तिला घेतलं, आणखी एकाला घेतलं. परीक्षा घेणारे साहेब बाहेर आले आणि सरांना म्हणाले, "ही मुलगी फार पक्की आहे. कुणी तयार केलं हिला? आम्ही विचारलं तर म्हणाली, आमच्या मॅडमनी." सरांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू नारळ पुन्हा फुटला. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. मी मिळवू दिला.

मग काय, आमच्याकडं आनंद झाला की सत्कार. तो लॅबमध्येच ठेवला. शाल, नारळ, हार. तिचे अब्बा लातूरहून आले होते, सोबत धाकटी मुलगी, बारावीत शिकणारी. अब्बांनी पेढ्यांचा भलामोठा डबा आणला होता आणि दारात चपला काढून ते आत यायलाही कचरत होते. सरांनी भाषणात सांगितलं की मॅडमनी भांडून लॅब उघडायला लावली, मॅडमनी रात्रंदिवस मेहनत घेतली, आणि आता आजूबाजूच्या कॉलेजांतल्या शिक्षकांनाही मॅडमच या सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण देतील. टाळ्या. माझ्या खांद्यावर शाल आली. ती मुलगी वाकून पाया पडली.

मला सहन होईना. मी माइक घेतला. म्हटलं, "थांबा. खरं सांगते. मला यातलं काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी मला फाइलसुद्धा उघडता आली नाही, ही सगळी पोरं साक्षीला आहेत. ही मुलगी आपली आपण शिकली, हिनं बाकीच्यांना शिकवलं. मी नुसती शेजारी बसले होते. अजूनही मला ते येत नाही."

आणि मग अशा टाळ्या पडल्या, अशा टाळ्या, की शाल घालतानाही पडल्या नव्हत्या तेवढ्या. सर उठून म्हणाले, "बघा! याला म्हणतात मोठेपणा. सगळं श्रेय विद्यार्थ्याला!" विद्यापीठाच्या लेखाधिकारी बाई डोळे पुसत होत्या. मी पुन्हा म्हटलं, "अहो, मी खरंच सांगते आहे," तर लोक आणखी हसले, प्रेमानं. पोरं टाळ्या वाजवत होती पण माझ्याकडं बघत नव्हती.

अब्बा पुढं आले, हात जोडले. "मॅडम, तुमच्यासारखी माणसं हायत म्हणून आमच्या पोरी शिकून राहिल्यात. नात्यातल्या सगळ्यांची तोंडं बंद झाली. आता ही धाकटी. हिला बी.एस्सी.ला टाकणार होतो. न्हाई टाकत. पुढच्या साली हिलाबी तुमच्याच हाताखाली देतो. तुमच्या भरवशावर." धाकटीनं लाजत माझ्याकडं पाहिलं आणि तीही पाया पडली.

मला जे म्हणायचं ते माइकवर म्हणून झालं होतं.

लोक पेढे घेत बाहेर निघाले. ती मुलगी बॅग घेऊन माझ्याजवळ आली. आवाजात राग नव्हता. तसं बोलायचा तिचा स्वभावच नव्हता. अब्बांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "मॅडम, तिला तरी तुम्ही शिकवा."

मी हो म्हणाले. तिच्याकडं न बघता.